दहा टोकदार काडतुसं

"अडकत्यात," हिंदुराव खणदाळे म्हणाले आणि त्यांनी मूठभर काडतुसं आमच्या दुकानाच्या फळीवर आपटली. त्यातलं एक घरंगळत खाली गेलं. "डुक्कर धा पावलांवर आलं, शिकलगार. मी दांडा वढला, तर काडतूस आडवं. गडी बांधावरच्या आंब्यावर चढला म्हणून वाचला. मांडी फाडली असती त्यानं त्याची."

अब्बा उठून उभे राहिले. फळीवर हात फिरवून त्यांनी एक काडतूस उचललं, अंगठ्यानं त्याचं तोंड चाचपलं आणि म्हणाले, "आठ दिवस द्या मालक. आमची चूक हाय. एकदासुदा अडकणार न्हाई असं करून देतो."

मी मागच्या खोलीच्या दाराशी उभी होते. ती चूक अब्बांची नव्हती. ती काडतुसं मी भरली होती.

ही शहात्तर सालची गोष्ट. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत आमचं दुकान होतं. माझे वडील दस्तगीर शिकलगार बंदुका दुरुस्त करायचे आणि काडतुसं भरून द्यायचे. परवाना त्यांच्या नावावर होता. पण दोन वर्षांपासून त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. समोरचा माणूस त्यांना आकारावरून कळायचा, दारू तोलायच्या तराजूचा काटा दिसायचा नाही. मला भाऊ नव्हता. मी वीस वर्षांची होते, अकरावी झालेली, हात स्थिर. अब्बांनी मला मागच्या खोलीत बसवून सगळं काम शिकवलं. बाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढी एकच अट. पोरीनं भरलेलं काडतूस कुणी बंदुकीत घातलं नसतं.

हिंदुराव खणदाळे आजऱ्याच्या वाटेवरच्या एका गावचे मोठे बागाईतदार. उसात डुकरं शिरायची, म्हणून पीक राखायला त्यांच्याकडे बंदुकांचे परवाने होते. त्यांच्याकडे एकाच मापाच्या दोन रायफली होत्या. एक एकबारी: एक काडतूस घालायचं, बार काढायचा, मग दुसरं घालायचं. दुसरी त्यांच्या आजोबांनी कुणा साहेबाकडून घेतलेली, जुनी, अमेरिकन बनावटीची. तिच्या चापाभोवती लोखंडी दांडा होता. तो खाली ओढून वर दाबला की रिकामी पुंगळी उडून बाहेर पडायची आणि नवं काडतूस आत जायचं. नवी काडतुसं राहायची मुख्य नळीखाली असलेल्या दुसऱ्या एका नळीत, एकामागं एक, आगगाडीच्या डब्यांसारखी. अब्बा तिला पोटनळी म्हणायचे. ह्या मापाची काडतुसं बाजारात येणं कधीच बंद झालं होतं, म्हणून वापरलेल्या पितळी पुंगळ्या हिंदुराव आम्हाला आणून द्यायचे आणि आम्ही त्या पुन्हा भरायचो.

"दांड्याचीसाठी धा भर," ते म्हणाले. "आन् एकबारीसाठी टोकदार धा. ती लांब जात्यात."

"दोन्ही येगळी ठेवा, मालक," अब्बा म्हणाले. "टोकदार ती दांड्याच्या रायफलीत..."

"तू भर, मी मारतो," हिंदुराव हसले आणि पायऱ्या उतरले. अब्बांचं बोलणं ते कधीच पुरं ऐकून घ्यायचे नाहीत.

बाहेर उन्हात त्यांची जीप उभी होती. मागं त्यांच्या बायको बसल्या होत्या, अंबूवैनी, डोक्यावरून पदर घेतलेल्या. हिंदुराव जीपपाशी गेले आणि त्यांनी डावा हात वर केला. वैनींनी झटकन मान खांद्यात घेतली. हिंदुरावांनी नुसती टोपी काढून घाम पुसला. मग ते बसले आणि जीप गेली.

मी ते पाहिलं आणि आत जाऊन कामाला लागले.

काडतूस का अडकतं, ते शोधायला मला दोन दिवस लागले. अब्बा बाजेवर पडून विचारायचे आणि मी मोजून सांगायचे.

"लांबी?"

"भरताना बरोबर होती. परत आलेली दोन आखूड झालीत. गोळी आत दबलीय."

"कशानं दबली?"

मी विचार केला. पोटनळीत स्प्रिंग असते, ती सगळ्या काडतुसांना मागं ढकलत राहते. त्यात बार झाला की धक्का बसतो. "पुंगळीचं तोंड गोळीभोवती नीट आवळलेलं नव्हतं अब्बा. मी हलकं आवळलं. धक्क्यानं गोळी आत सरकली."

"मग?"

"आखूड झालं की काडतूस वर उचलणारा पत्रा गडबडतो. पुढच्याचं बूड आत येतं आणि आडवं बसतं."

अब्बा बाजेवर उठून बसले. मग म्हणाले, "हे मला कळायला सात वर्षं लागली होती."

त्याहून मोठं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नाही. मी सगळी काडतुसं नव्यानं भरली, तोंडं एकसारखी आवळली. आधी दारू न घालता पाच खोटी काडतुसं केली आणि दुरुस्तीला ठेवलेल्या तसल्याच एका रायफलीतून ती शंभर वेळा फिरवली. दांडा खाली, दांडा वर. एकदाही अडकलं नाही. शेवटी तो आवाज इतका गुळगुळीत झाला की अब्बा बाजेवरून म्हणाले, "बास. झालं."

दोन पुठ्ठ्याचे डबे केले. चपट्या तोंडाची दहा एकात, टोकदार दहा दुसऱ्यात. डब्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या: 'दांड्याची', 'एकबारी'.

डबे न्यायला हिंदुराव आले नाहीत. अंबूवैनी आल्या, दुपारच्या, एकट्या. ड्रायव्हर जीपमध्ये झोपला होता. अब्बा आत पडले होते, म्हणून मीच डबे फळीवर ठेवले.

वैनी तेव्हा तिशीच्या असतील. त्यांनी दोन्ही डबे उघडून पाहिले. त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वाकडी होती, मोडून कशीतरी जुळलेली. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"दारात सापडली," त्या म्हणाल्या. मग एक काडतूस उचलून विचारलं, "हे बोथट, हे टोकदार. असं का गं?"

मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक अब्बांशी बोलायचं, मी चहा आणायचे. मी एका दमात म्हणाले, "वैनीसाहेब, त्याला कारण आहे. दाखवू?"

"दाखव की."

मी चार रिकाम्या पुंगळ्या फळीवर एका ओळीत आडव्या मांडल्या. "पोटनळीत काडतुसं अशी राहतात. ह्याचं तोंड पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. बुडाच्या मधोमध ही टोपी असते. चाप ओढला की ह्या टोपीवर टोचा बसतो आणि बार होतो."

"बरं."

"आता तोंड चपटं असलं तर काही नाही. पण टोकदार असलं तर ते टोक बरोबर पुढच्याच्या टोपीवर टेकतं. एक बार झाला की रायफल मागं धक्का देते..."

"म्हंजी टोकच टोच्याचं काम करतंय," वैनी म्हणाल्या.

"बरोब्बर!" मी जवळजवळ ओरडलेच. शाळेत एवढं पटकन कुणाला काही कळलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मग पोटनळीतच फुटतं."

"हो. म्हणून दांड्याच्या रायफलीत टोकदार कधी घालायचं नाही. एकबारीत चालतं, तिथं एकच असतं."

वैनींनी वाकड्या बोटांनी ते काडतूस परत डब्यात ठेवलं. "माणूस मरतं का त्यात?"

"मरतंच असं नाही. पोटनळीखाली जो हात असतो, तो जातो. डावा." मी हातात नसलेली रायफल धरून दाखवली, डावा पंजा पुढं, उताणा. "असा."

वैनी माझ्या पंजाकडे बघत राहिल्या. "लई चांगलं सांगतीस गं," त्या म्हणाल्या. "मास्तरीण हो." डबे पिशवीत घातले आणि गेल्या.

मी दिवसभर त्या वाक्यावर तरंगत होते.

चौथ्या दिवशी सकाळी पोलीस शिपाई दुकानात आला. आदल्या संध्याकाळी उसाच्या फडात हिंदुरावांच्या हातात रायफल फुटली होती. पहिला बार नीट झाला, त्याबरोबर पोटनळी फाटली. डाव्या हाताचा पंजा मनगटापासून गेला होता, गालात पत्र्याचे तुकडे घुसले होते. रात्रीतच कोल्हापूरला नेलं होतं. जीव वाचला होता.

"काडतुसं तुमच्याकडची हाईत," शिपाई म्हणाला. "फौजदारसायबांनी बोलावलंय."

अब्बा बाजेवर बसूनच राहिले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. शिपाई बाहेर गेल्यावर त्यांनी अगदी हळू विचारलं, "जुलेखा, दारू जास्त पडली का?"

"नाही."

"नक्की?"

"अब्बा, मी प्रत्येक वेळी दोनदा तोलली." मी तराजू परत काढला, वजनं तपासली, तराजू परत तपासला. सगळं बरोबर होतं. तरी एक माणूस माझ्या हातच्या कामानं पांगळा झाला होता, आणि मला त्याचा तो डावा हात दिसत होता, टोपी काढून घाम पुसणारा.

ठाण्यात फौजदार कुंभोजकरांच्या टेबलावर ती रायफल ठेवली होती. पोटनळी केळ्याच्या सालासारखी उलटी सोललेली, लाकूड फुटलेलं, त्याच्यावर काळं काही वाळलेलं. मी अब्बांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि मागं उभी राहिले. भिंतीकडच्या बाकड्यावर अंबूवैनी बसल्या होत्या.

"दस्तगीरभाई, हे डबे तुमचे?" फौजदारांनी विचारलं.

"पोरगी सांगंल साहेब. मला दिसत न्हाई."

मी वाकून पाहिलं. चिठ्ठ्या माझ्या अक्षरातल्या. 'दांड्याची' असा लिहिलेला डबा उघडा होता. त्यात चार काडतुसं उरली होती.

चारही टोकदार होती.

फौजदार बोलत होते. मी दुसरा डबा उघडला, 'एकबारी'. त्यात दहा होती. दहाही चपट्या तोंडाची.

"चूक समजली?" फौजदार म्हणत होते. "कोल्हापूरच्या जाणकाराला फोन लावला होता मी. तो म्हणाला, ह्या रायफलीला टोकदार चालतच नाही. दस्तगीरभाई, तुम्ही चुकीच्या डब्यात घातलीत. परवाना जाईल, केस होईल ती वेगळीच."

अब्बांनी मान खाली घातली. "माझ्या डोळ्यांना..." त्यांनी सुरुवात केली. ते माझा दोष स्वतःवर घेत होते, मला कळलं.

"डबे बरोबर दिले होते," मी म्हणाले. आवाज माझा मलाच परका वाटला. "दांड्याचीत चपटी, एकबारीत टोकदार. मी स्वतः... अब्बांनी भरली, मी डबे बांधले. देतानाही उघडून दाखवले."

"कुणाला दाखवले?"

मी उत्तर द्यायच्या आत बाकड्यावरून वैनी बोलल्या.

"मला सायेब. शिकलगारांची काय चूक न्हाई. डबं माझ्या हातनं पडलं फळीवरनं. समदी सांडली, इस्कटली. मी आपली हाताला लागतील तशी भरून ठिवली." त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला काय कळतंय त्यातलं? गोळी ती गोळी. मालकबी कधी बघत न्हाईत, मूठ भरून खिशात टाकत्यात."

फौजदारांनी खुर्चीला पाठ टेकली. त्यांचा सगळा ताठा उतरला. बाईमाणूस रडतंय म्हटल्यावर त्यांना काही सुचेना. "असल्या वस्तूंना बायकांनी हात लावायचाच कशाला," ते म्हणाले आणि शिपायाला कागद आणायला सांगितलं. "अपघात आहे. लिहून घ्या. डबे सांडले, अजाणता अदलाबदल झाली."

मी त्या दोन डब्यांकडे बघत होते. काडतुसं सांडली होती, विस्कटली होती, हाताला लागतील तशी भरली होती. तर मग एका डब्यात सगळी टोकदार आणि दुसऱ्यात सगळी चपटी कशी? एकसुद्धा मिसळलेलं नव्हतं.

मी वर पाहिलं. पदराच्या आडून वैनी माझ्याचकडे बघत होत्या. डोळे कोरडे होते.

मला सगळं आठवलं. मांडलेल्या चार पुंगळ्या. 'म्हंजी टोकच टोच्याचं काम करतंय.' माझं ते 'बरोब्बर'. आणि मी उताणा करून दाखवलेला पंजा. मी शिकवलं होतं. एवढ्या हौसेनं, काही विसरू नये म्हणून नीट क्रमानं, मीच शिकवलं होतं.

"पोरी, तुला आणखी काही सांगायचंय?" फौजदारांनी विचारलं.

एक वाक्य पुरलं असतं: ह्यांना कळतं, मी समजावून सांगितलं होतं. मी दया केली, किंवा काही विचार करून गप्प बसले, असं मी पुढं अनेकदा स्वतःला सांगून पाहिलं. खरं ते तसं नव्हतं. मला बोलताच येत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

फौजदारांनी अब्बांचा अंगठा घेतला, माझी सही घेतली. आम्ही बाहेर पडलो.

बाजारपेठेपर्यंत माझ्या खांद्यावरचा अब्बांचा हात जड लागत होता. दुकानाच्या पायरीशी येऊन ते थांबले.

"ती आली होती त्या दुपारी मी जागा होतो," ते म्हणाले.

मी कुलपात किल्ली घातली.

"समदं ऐकलं मी. तू सांगत होतीस, ती विचारत होती. माणूस मरतं का, म्हणून विचारलं तिनं, तेबी ऐकलं. मला वाटलं, माझी पोरगी किती नीट सांगती." त्यांचे न दिसणारे डोळे भरून आले. "तेवढंच वाटलं गं मला. दुसरं कायबी आलं न्हाई मनात."

त्या महिन्यात अब्बांनी काडतुसं भरायचं बंद केलं. तराजू, साचे, सगळं एका मिरजेच्या दुकानदाराला दिलं. पुढं कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करण्यावर आमचं भागलं. मी डी.एड. केलं आणि निपाणीजवळच्या एका शाळेत लागले. वर्गात एखादी मुलगी पटकन उत्तर द्यायची, तेव्हा माझ्या तोंडात 'बरोब्बर' यायचं आणि मी ते गिळून टाकायचे.

पाच वर्षांनी, दिवाळीच्या सुट्टीत, मी गडहिंग्लजला निघाले होते. संकेश्वरच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. बाकड्यावर हिंदुराव बसलेले दिसले. केस पांढरे झालेले, डावी बाही मनगटाशी पिन लावून दुमडलेली. गालावर निळसर वण. अंबूवैनी त्यांच्या शेजारी उभ्या राहून बशीतला चहा फुंकत होत्या. त्यांनी बशी हिंदुरावांच्या उजव्या हातात दिली, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ चालत आल्या.

"मास्तरीण झालीस म्हणं," त्या म्हणाल्या. "लई चांगलं झालं."

मला बरंच काही बोलायचं होतं. पाच वर्षं मी ते मनात घोळवत होते. तोंडातून भलतंच निघालं. "तुम्हाला त्यांना मारायचं होतं?"

"न्हाई गं." त्या अगदी सहज बोलल्या. "मारायचंच असतं तर घरात फवारायचं औषध डबाभर हुतं. त्यो हात तेवढा नको हुता मला. डावखुरं हाईत ते. बंदूक तेवढी उजवीकडनं धरायला बापानं शिकवलेली." त्यांनी वळून एकदा हिंदुरावांकडे पाहिलं. "दोन पोरं पोटातच गेली माझी, त्या हातापायी."

माझ्या हातातली पिशवी खाली टेकली. स्टँडवर कुठल्यातरी गाडीची घोषणा चालली होती.

"मी त्या दिवशी बोलले नाही," मी म्हणाले. "ठाण्यात. मी कुणालाच सांगितलं नाही वैनी, कधीच." मला वाटतं, त्यांनी काहीतरी म्हणावं अशी माझी इच्छा होती. उपकार झाले, असं काहीतरी.

वैनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता.

"तू बोलशील असंच वाटलं हुतं मला," त्या म्हणाल्या. "एवढी हुशार पोरगी, तुला कळल्याबिगर ऱ्हाईल व्हय? म्हणून तर मी तयारीनं आले हुते. दोन लुगडी, एक चोळी, फणी, समदं पिशवीत घालून बाकड्याखाली ठिवलं हुतं. म्हटलं, धा वरसं तर धा. तुरुंगात रात्री झोप तरी लागंल. तू न्हाई म्हणालीस. मग काय करणार? पिशवी उचलली आन् परत घरी गेले."

हिंदुरावांनी तिकडून हाक मारली. गाडी लागली होती. "आले, आले," म्हणत त्या गेल्या. त्यांनी हिंदुरावांच्या उजव्या बगलेत हात घातला, त्यांना उठवलं आणि गर्दीतून वाट काढत दारापर्यंत नेलं.

माझी गाडी त्याच फलाटावर मागं उभी होती. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. मला पाऊल उचलता आलं नाही.